बोटभर फट

आमच्या घरी उदबत्ती देवापेक्षा खिडक्यांना जास्त लागायची. सकाळी देवापुढे ओवाळली न ओवाळली की मी ती घेऊन हॉलच्या खिडकीपाशी जायची, मग स्वयंपाकघराच्या, मग आतल्या खोलीच्या. सरकत्या खिडकीच्या चौकटीला धरून हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकला की समजायचं, इथं फट आहे. समोरच्या धोटेवहिनींना वाटलं, रिटायर झाल्यावर ताजनेबाई भारीच भाविक झाल्या. भाविक कसली डोंबलाची! धूर जिथं वाकतो तिथून वारा आत येतो, वाऱ्याबरोबर राख येते, आणि राख आली की माझ्या नवऱ्याचा श्वास जातो.

आमचे हे, मधुकर ताजने, जन्मभर कोळशाच्या उघड्या खाणीत ड्रिलिंगला होते. नोकरी संपली तेव्हा फुप्फुसं अर्धी दगड झाली होती. त्यात आमचं गाव. वीजकेंद्र बंद पडून वर्षं झाली, पण त्याचं राखेचं तळं तसंच राहिलं. आधी त्यात पाणी असायचं म्हणून राख बसून असायची. उन्हाळे वाढत गेले, तळं सुकलं, आणि आता मे महिन्यात गरम वारा सुटला की ती राख मैद्यासारखी उठते नि तासन् तास गावावर फिरते. भोंगा वाजतो, लोक दारं लावून घेतात. एका उन्हाळ्यातल्या वावटळीनंतर नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, असा आणखी एक झटका यांना सोसणार नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं.

सरकती खिडकी ज्यानं काढली त्याला मला एकदा भेटायचं आहे. बिजागरीची खिडकी निदान चौकटीवर दाबून बसते. ही सरकायची, म्हणून तिला हलायला जागा सोडावीच लागते, आणि ती सोडलेली जागा म्हणजेच फट! मी काय काय केलं नाही? लव असलेली पट्टी चिकटवली, रबर ठोकलं, टेप लावली, जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या. खालच्या रुळात पाणी जायला भोकं असतात, ती मेणानं बुजवली, तर पावसाळ्यात हॉलमध्ये तळं झालं. हे पलंगावर बसून हसत होते. हसता हसता ढास लागली, मग मी रडत होते.

मग बाजारात 'सांधा' आला.

मी शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून विकणाऱ्या पोराला मी अर्धा दिवस पिडलं. सांधा म्हणजे जिवंत लेप. ट्यूबमधून चौकटीला ओढायचा, दिसायला दह्यासारखा. त्यात एका बुरशीचे धागे असतात आणि त्यांच्यासोबत चुना तयार करणारे जिवाणू. धाग्यांना वारा कळतो. जिकडून वारा वाहतो तिकडे ते वाढतात, वाऱ्यातली धूळ धरतात, जिवाणू त्यावर चुन्याचं कवच चढवतात आणि फट बुजते. वारा थांबला की वाढही थांबते, लेप झोपी जातो. खिडकी उघडली की पापुद्रा मोडतो, लावली की पुन्हा जुळतो. आपल्या अंगावरच्या जखमेला खपली धरते ना, तसंच. फक्त वाढायला त्याला थोडी ओल लागते, ती तो हवेतून ओढून घेतो. आमच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ओल असते कुठं? म्हणून तो केसाकेसानं वाढायचा, आणि ते बरंच होतं. पावसाळ्यात ओल असायची, पण तेव्हा राख उडत नसे.

घर असं बंद झाल्यावर ताजी हवा यावी म्हणून भिंतीत एक डबा बसवायचा. तो बाहेरची हवा गाळून आत घेई, आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर चाले.

खिडक्यांना आणि दारालाही सांधा लावला आणि आठवडाभरात उदबत्तीचा धूर काठीसारखा सरळ उभा राहिला. त्या वर्षी यांना एकदाही दवाखाना लागला नाही. मी धोटेंना सांगितलं, धोटेंनी बोढेंना सांगितलं, सगळ्या कॉलनीनं लावला. आणि एक गंमत झाली. कॉलनी मुकी झाली. भाजीवाला ओरडून जायचा, कोणाला पत्ता नसायचा. शेजारी मूल पडलं तरी रडणं ऐकू यायचं नाही. सांधा वाऱ्याबरोबर आवाजही अडवायचा.

यांना तेच खुपत होतं.

"शैला, बोटभर फट ठेव ना वं."

"नाही म्हणजे नाही."

"संध्याकाळी तरी. कोण येऊन राहिलं, कोण जाऊन राहिलं, एवढं तर कळंल. पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं वाटते मला."

"बुडलेले बरे. राखेत गाडले जाण्यापेक्षा."

असं बोलून मी ट्यूब घेऊन पुन्हा चौकट तपासायची. हे माझ्याकडे बघायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पूर्वी आम्ही भांडायचो, ते बरं होतं. आता हे भांडायचेही नाहीत.

पुढच्या मे महिन्यात यमुनाताई आल्या. या यांच्या मोठ्या बहीण, ब्रह्मपुरीकडच्या खेड्यात एकट्या राहतात. कानानं कमी, मनानं मोठ्या. येताना एसटीच्या टपावरून वाळ्याची ताटी घेऊन आल्या, स्वतः बांधलेली. आमच्याकडे कूलर येण्याआधीची चाल ती. खिडकीला वाळ्याची ताटी बांधायची, तिच्यावर तांब्यानं पाणी मारत राहायचं, बाहेरची लू आत येताना गार होऊन येते.

"भावासाठी आणली मी. वास घेऊन पाय," म्हणून त्यांनी ती माझ्या नाकाशी धरली.

"ताई, आता खिडक्या उघडायच्याच नाहीत आपल्याला," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "काही झालं तरी खिडकी उघडू नका!"

"नाई उघडत बाप्पा. भल्ली शिस्त तुझी."

ताटी मी माळ्यावर टाकली, जुन्या छोट्या कूलरशेजारी. खिडकी उघडू नका, एवढं सांगितलं. ओल करू नका, हे सांगायचं मला सुचलंच नाही. कंपनीच्या कागदावरही नव्हतं. कंपनीवाल्यांना काय माहीत, वैदर्भीय माणसाला उन्हाळ्यात पहिली आठवण पाण्याचीच होते.

त्या दिवशी दुपारी यांच्या श्वासाच्या पंपातलं औषध संपत आलं होतं. भोंगा संध्याकाळी वाजेल असा अंदाज होता, म्हणून मी मास्क बांधून चौकातल्या मेडिकलमध्ये गेले. औषध हातात घेतलं आणि भोंगा वाजला. दुकानदारानं शटर ओढलं, "इथंच थांबा मॅडम" म्हणाला. मी थांबते कशाला! बाहेर पडले तेव्हा आभाळ करडं झालं होतं. थोड्याच वेळात समोरचा हात दिसेना. कुंपणाच्या तारा चाचपत, विजेचे खांब धरत मी निघाले, दोनदा रस्ता चुकले. सरळ गेलं तर हाकेच्या अंतरावरचं घर, पण पोचायला दुपार कलली.

दाराला किल्ली लावली. कुलूप उघडलं. दार उघडेना.

खांदा लावला, लाथ मारली. दार भिंत झालं होतं. खाली वाकून बघितलं तर उंबरठ्याच्या फटीतून पांढरं काहीतरी बाहेर आलं होतं, फुगलेलं, गाठी गाठी असलेलं. नखानं खरवडलं तर नख मोडलं. सांधा! केसाएवढा वाढणारा सांधा बोटाएवढा जाड झाला होता.

मी फोन लावला. यमुनाताईंनी उचलला.

"अवं शैला, कुठी हायेस? लाइन गेली होती. मधूले भल्लं गरम होऊन राहिलं होतं, घामानं ओला झाला होता. मंग मी माळ्यावरचा कूलर उतरवला. ताटीबी बांधली आतून खिडकीले, पाणी मारलं. खिडकी नाई उघडली, तुझी आन!"

"ताई, वीज नाही तर कूलर कशावर लावला?"

"अं?"

"कूलर कशावर चालून राहिला?"

"त्या बॅटरीवर. तो भिंतीतला डबा काढला. तो नुसता घूं घूं करते, गार तर करतच नाई."

काय झालं असेल ते मला फळ्यावर लिहिल्यासारखं दिसलं. कूलर उघड्या खिडकीत ठेवला तर गार करतो, कारण दमट हवा दुसरीकडून निघून जाते. बंद खोलीत ठेवला तर तो तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करत राहतो, मग घाम सुकत नाही आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. वर ताज्या हवेचा डबा बंद. आणि सांध्याला तर मेजवानीच! कूलरचा वारा, घरात राहिलेली राख, आणि आमच्या बोअरचं जड पाणी, चुन्यानं भरलेलं. त्याला जन्मात असं खायला मिळालं नव्हतं.

"ताई, कूलर बंद करा! दार उघडा! आतून ओढा!"

"ओढून पायलं, येत नाई. शैला, मले कसंतरी होऊन राहिलं वं. डोकं..."

मग नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

मी अग्निशमनला फोन केला. एक गोड आवाज म्हणाला, वावटळ ओसरल्यावर गाडी निघेल. मी फोनवरच शिव्या घातल्या, शाळेत कधी तोंडातून निघाल्या नव्हत्या अशा. मग धोटेंकडे धावले. दार बडवलं. खिडकी बडवली. काचेपलीकडे धोटेभाऊ दिसले, नातीला कडेवर घेऊन. मी ओरडत होते, "दार फोडायला या! माणूस मरतंय माझं!" त्यांना माझे हात हलताना दिसले असतील, शब्द एकही गेला नसेल. त्यांनी नातीकडे बोट दाखवलं, हात जोडले आणि पडदा ओढला. त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण मी आत असते, आणि हे माझ्या मागे पलंगावर असते, तर मी दार उघडलं असतं का? देवा शपथ सांगते, नसतं उघडलं. तो लेप त्यांना सुचवणारीही मीच होते.

घराला वळसा घालून मी आतल्या खोलीच्या खिडकीपाशी आले. काच आतून घामेजली होती. ताटीच्या कडेला थोडी जागा होती, तिथून बघितलं. यमुनाताई कूलरला टेकून खाली बसलेल्या, मान एका बाजूला. हे पलंगावर, उशीला पाठ लावून. ओठ जांभळे. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण त्या भात्यात काही येत नव्हतं. दोन्ही रूळ पांढऱ्या गाठींनी गच्च भरले होते.

पाण्याच्या टाकीशेजारी आमची लोखंडी पहार पडलेली असते. ती मी उचलली आणि थांबले.

काच फोडली तर राख आत जाणार. असा आणखी एक झटका यांना सोसणार नाही. नाही फोडली तर हे असेच, माझ्या डोळ्यांसमोर, वाफेत शिजून मरणार. ताईसुद्धा. काय करू? कोणाला विचारू? मी खिडकीच्या गजांच्या जाळीतून हात घालून काचेवर थापा मारल्या. यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. बोलायला श्वास नव्हता. त्यांनी हात उचलला आणि एक बोट उभं केलं. फक्त एक बोट.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं म्हणणं ऐकलं. जाळीतून पहार घातली आणि सगळा जीव एकवटून मारली. दुसऱ्या घावाला काच खळ्ळकन खाली आली.

आतून कोंदट वाफ माझ्या तोंडावर आली, आणि बाहेरचा वारा आत घुसला. ताटी फडफडली, तिच्या कडेनं राखेचा लोट आत गेला. यांना ढास लागली. मी जाळीतून दोन्ही हात आत घातले आणि ताटी ओढून चौकटीवर घट्ट धरली. चारही बाजूंनी दाबायला दोन हात पुरेनात, मग जाळीला छाती लावून उभी राहिले. वाळा ओला होता. वारा त्यातून गाळून आत जाऊ लागला, आणि राख काड्यांना चिकटून तिचा चिखल होऊ लागला.

"ताई!" मी ओरडले. मास्क होता, आवाज तोंडातच राहिला. वारा लागून ताई हलल्या होत्या, पण कानानं कमी! मी दातांनी ओढून मास्क खाली केला. "ताई! पाणी मारा! ताटीवर पाणी!"

त्या रांगत उठल्या. कूलरच्या टाकीत तांब्या बुडवला आणि ताटीवर मारला. काय झालं, काऊन झालं, काही विचारलं नाही. खेड्यातल्या बाईला एवढं कळतं, ताटी सुकली की वारा नुसता जाळत येतो.

ताटी भराभर सुकायची. मी ओरडायची, "पाणी!" ताई पाणी मारायच्या. प्रत्येक ओरडण्याला तोंड उघडावं लागायचं आणि प्रत्येक वेळी घशात राख जायची. मग दुसरंच सुरू झालं. माझ्या बोटांना मुंग्या आल्यासारख्या वाटल्या. बघते तर चौकटीतून पांढरे धागे निघून ताटीवर चढत होते, माझ्या बोटांवरूनही! वारा, राख, ओल, तिन्ही एका जागी. त्या मेल्याला हे भोकही बुजवायचं होतं. बांधून ठेवून निघून जावं म्हटलं, तर ताटीची भिंत झाली असती. म्हणून एका हातानं ताटी धरायची, दुसऱ्यानं धागे ओरबाडायचे, मग हात बदलायचे. नखांतून रक्त आलं. ते ओरबाडत मी त्याच्याशी बोलत होते, "सोड. सोड रे. जाऊ दे थोडा वारा. माझ्या माणसाला थोडा वारा दे." ज्याला मीच हातानं आणून घरात वाढवला, त्याच्यापुढे भीक मागत होते.

मधेच आतून आवाज आला. तुटका, पण आवाज.

"शैला... वाळ्याचा... वास येऊन राहिला."

"बोलू नका! श्वास घ्या नुसता!" मी खेकसले आणि रडले. रडताना आणखी राख गेली.

वारा पडला तेव्हा ऊन उतरलं होतं. धोटेभाऊ हातोडा घेऊन आले. माझ्याकडे बघायची त्यांना हिंमत होईना. त्यांनी दार फोडलं, यांना आणि ताईंना गाडीत घातलं. माझी बोटं ताटीवरून निघेनात. धोटेवहिनींनी कोमट पाण्यात चिंच कोळून आणली, तिच्या आंबटानं चुना सुटतो म्हणून, आणि एक एक बोट सोडवलं.

हे वाचले. ताई वाचल्या. भावाच्या उशाशी बसून त्या रडत राहिल्या, "माझ्यानंच झालं." मी म्हटलं, "ताई, तुमची ताटी नसती तर आज उशाशी बसायला हे राहिले नसते." ते खरं होतं. कॉलनीतला सांधा लोकांनी चिंचेच्या पाण्यानं धुऊन काढला. आम्ही पुन्हा रबर, टेप आणि लवेच्या पट्टीवर आलो. भाजीवाल्याचा आवाज पुन्हा घरात येतो. धोटेंची नात रडली की आम्हाला कळतं.

माझा खोकला मात्र गेला नाही. पावसाळा झाला, हिवाळा झाला. नागपूरला त्याच डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो काचेवर लावला. या वेळी त्यांनी यांना बाजूला घेतलं. काय सांगितलं ते हे मला सांगत नाहीत, पण मला ते वाक्य पाठ आहे.

आता पुन्हा मे आला आहे. सकाळची उदबत्ती हे फिरवतात. धापा टाकत, भिंत धरत, एका खिडकीपासून दुसरीपर्यंत जातात. मी पलंगावर पडून बघते. आज आतल्या खोलीच्या खिडकीशी धूर वाकला.

"इथं आहे," हे म्हणाले आणि टेप शोधायला लागले.

"राहू द्या ना. कोंडल्यासारखं होतं हो. बोटभर फट ठेवा."

"नाही म्हणजे नाही."

माझंच वाक्य, माझ्याच तोऱ्यात. मला हसू आलं आणि हसता हसता ढास लागली. ती थांबेना. हे घाबरले. टेपचं टोक सापडेना. शेवटी टेप टाकून दिली आणि फटीवर तळहातच दाबून धरला. बाहेर भोंगा वाजायला लागला होता. ते तसेच उभे राहिले, खिडकीला छाती लावून.

"अहो, बसा," मी म्हटलं. "किती वेळ धराल? हात दुखतील तुमचे."

"तुझे दुखले नव्हते?" ते म्हणाले, आणि हात काढला नाही.